पाखऱ्याचं पथ्य

नगर जेल,
८ जानेवारी २०२५

आक्का, गोरक्षचा नमस्कार.

इथे आठवड्यातून एकदा फोन मिळतो आणि तो वकिलाशी बोलण्यातच संपतो, म्हणून पत्र लिहितोय. दहावीनंतर एवढं पहिल्यांदाच लिहितोय, चुका काढत बसू नकोस.

खर्ड्याच्या लोकांनी तुला काय काय सांगितलं असेल ते मी धरून चाललोय. आता माझं ऐक. ३१ डिसेंबरला सकाळी मी बन्सीच्या उजव्या हातावर कोयता घातला. मनगटाच्या चार बोटं वर. हाडाचा आवाज आला आणि पंजा लोंबायला लागला. तो ओरडला नाही. खाली बसला आणि डाव्या हातानं उजवा हात उचलून मांडीवर ठेवला. सगळं रक्त त्याच्याच हरभऱ्यात गेलं. त्यानं माझ्यावर फावडं उगारलं होतं. पोलिसांना मी तेच सांगितलंय आणि कोर्टातही तेच सांगणार. पस्तावा म्हणशील तर नाही.

दिवाळीपासून तो माझ्या पाखऱ्याला विष घालत होता. तुला माहीतच आहे, आपल्या बांधाला त्याचा बांध लागून. तीन वेळा असं झालं की सकाळी कुत्रं सोडलं, ते सरळ बन्सीच्या बांधाकडे पळालं, आणि परत आलं ते ओकत. मग रक्ताची हगवण. अंगावरचे केस मूठमूठ गळायला लागले, कानातून घाण वाहायला लागली. ज्या कुत्र्यानं शर्यतीची तीन मैदानं मारली ते भिंतीला टेकून उभं राहायचं. तिसऱ्या वेळी मी त्याच्या मागोमाग गेलो. बांधावर अर्धी भाकर पडली होती, तिच्यावर लाल-काळी पूड, दवानं भिजलेली. उंदराचं औषध. मी वाकायच्या आत पाखऱ्यानं तीही गिळली. पलीकडे बन्सी हरभऱ्याला पाणी देत, दारं धरत उभा होता. म्हणाला, ‘काय रं, सकाळी सकाळी?’ मी घरी जाऊन कोयता आणला.

आता काम सांगतो. आई एकटी आहे, तिला कुत्रं झेपणार नाही. दाजींना सांगून टेम्पो पाठव आणि दोघांना घोडेगावला घेऊन जा. पाखऱ्याचं खाणं लिहून देतो, यात बदल नको. सकाळी अर्धा लिटर दूध आणि त्यात तीन कच्ची अंडी. दुपारी गव्हाची पोळी कुस्करून दुधात. संध्याकाळी पावशेर उकडलेली कोंबडी. अशक्त दिसला तर कोंबडी वाढवायची. मी त्याला असंच तगवलंय.

त्याचं काही बरंवाईट झालं तर एक सांगून ठेवतो. ████████ ████ ██████.

गोरक्ष

—

घोडेगाव,
१४ जानेवारी २०२५

चि. गोरक्ष यास आशीर्वाद.

‘औक्षवंत हो’ लिहायला पेन उचललं होतं, पण बन्सीच्या बायकोचा चेहरा समोर आला. तेवढं राहू दे.

तुझ्या पत्राची शेवटची ओळ तिथल्या साहेबांनी काळी केली होती. मी कागद उन्हात धरला. ‘सुटल्या दिवशी बन्सीचा दुसरा हात आणि मग मान’ असं लिहिलंयस. छान. आपल्या बापानं तुला शाळेत यासाठीच घातलं होतं.

टेम्पोतून दोघं आले. आई आल्यापासून कुत्रं जवळ आलं की पाय पोटाशी घेऊन बसते. तिच्या डाव्या दंडावर लांबलचक वण आहे. विचारलं तर म्हणते, गोठ्यात पडले. पाखऱ्याला तू लिहिलंस तसंच सगळं दिलं. दाजींच्या गळ्यात माळ आहे हे तू विसरलास, मी नाही. तरी मागल्या अंगणात तीन दगड मांडून कोंबडी शिजवली. तिसऱ्या दिवशी त्यानं माझ्या दारात रक्त हगलं. कातडं खाजवून खाजवून पोटाचा भाग सोलल्यासारखा लाल केलाय. गोरक्ष, इथे बन्सी नाही. तो नगरच्या दवाखान्यात हाताला सळया घालून पडलाय.

आपल्या दुकानात बैलांची वेसण-घुंगरं घ्यायला येणाऱ्या लोकांनी मला एका डॉक्टरबाईंचं नाव सांगितलं. मलिका त्यांचं नाव. बाजारात बैल बघतात, कुत्रीही बघतात. मारक्या बैलाच्या नाकात हात घालणारी बाई आहे, तुझ्या कुत्र्याला भीत नाही. तिनं कान बघितले, पोट दाबलं, रक्त तपासलं. मी म्हटलं, विष घातलंय. ती म्हणाली, ‘विष असतं तर हे तीन महिने जगलं नसतं. याला रोजच्या खाण्यातलंच काहीतरी मानवत नाही.’

मी हसले. कोंबडी-अंडी न मानवणारं कुत्रं मी ऐकलं नव्हतं. तिनं मला खाली बसवून समजावलं. काही जनावरांच्या अंगाला एखादं अन्न शत्रूसारखं लागतं. मग कातडं, कान, आतडं, सगळीकडे मारामारी चालू होते. कुठलं अन्न ते रक्तावरून नक्की सांगता येत नाही. एकच रस्ता. त्यानं जन्मात कधी खाल्लं नाही असं मांस आणि असा कंद निवडायचा, आणि आठ आठवडे तेवढंच द्यायचं. दुधाचा थेंब नाही, पोळीचा कण नाही, बाजारातली बिस्किटं नाहीत, लाडानं टाकलेला तुकडा नाही. एक तुकडा गेला की मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

त्यासाठी तिला दोन गोष्टी हव्यात. पाखऱ्यानं आजवर काय काय खाल्लंय त्याची यादी, आणि तो ज्या तीन दिवशी जास्त बिघडला त्या तारखा. खरं लिही. तुझ्या रागाला यात जागा नाही.

तुझी आक्का

—

नगर जेल,
१८ जानेवारी २०२५

आक्का,

तुझ्या डॉक्टरणीला सांग, बैलाच्या नाकात हात घालणं वेगळं आणि शिकारी कुत्रं ओळखणं वेगळं. कोंबडी बंद केली तर महिन्यात मरेल ते. मग मी तिचंही बघतो. दुखतंय कुठं आणि ही पट्टी बांधतेय कुठं. विष घालणारा राहिला बाजूला आणि हिला माझ्या दूध-अंड्यात खोट दिसली.

इथे गेल्या आठवड्यात एकानं माझ्या ताटातली चपाती उचलली. बावीस जणांच्या बराकीत चपाती उचलणं म्हणजे काय ते तुला कळायचं नाही. मी त्याचं डोकं नळाच्या कट्ट्यावर आपटलं. दोन दात पडले. साहेबांनी मला दोन दिवस पायात बेडी घालून बसवलं. आता माझ्या ताटाकडे कुणी बघत नाही. सांगायचं कारण, माझ्यात काही बदल झालाय असं समजू नकोस.

तू बहीण आहेस म्हणून यादी देतो. गाईचं, म्हशीचं, शेळीचं दूध. अंडी, रोज तीन, मैदानाच्या आधी पाच. कोंबडी. जत्रेत बोकडाचं. गहू, बाजरी, ज्वारी, भात, डाळ. शेंगदाण्याची पेंड. दोनदा ससा. एकदा शेजारच्या बाळंतिणीचा डिंकाचा लाडू, त्यासाठी मी मार खाल्लाय. मासे कधीच नाही. खर्ड्याला प्यायला पाणी उन्हाळ्यात टँकरनं येतं, मासे कुठून येणार. आणि रताळं तो तोंडातून थुंकून टाकतो.

तारखा. पहिली, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. दुसरी, १ डिसेंबर. तिसरी ३१ डिसेंबर. तारखा मी कोर्टात सांगायला पाठ केल्यात. तिन्ही वेळा सकाळी, तिन्ही वेळा बन्सीचा बांध. लिही म्हणावं वहीत.

आईला विचार, ती तिथंच होती. फावडं उगारलेलं तिनं बघितलंय. तिची साक्ष लागणार आहे, तिला तयार ठेव.

गोरक्ष

—

घोडेगाव,
५ फेब्रुवारी २०२५

चि. गोरक्ष, आशीर्वाद.

सुरुवातीलाच सांगते, पाखऱ्या जिवंत आहे. पुढचं सावकाश वाच.

डॉक्टरबाईंनी तुझी यादी बघून चिलापी आणि रताळं ठरवलं. मुळा धरणाचे मासे बाजारात मिळतात. दाजींनी पहिल्या दिवशी घर सोडून दुकानात जेवण मागवलं. मी नाकाला पदर बांधून मासे उकडते, काटे काढते, रताळं कुस्करते आणि दोन्ही एकत्र कालवते. पहिले दोन दिवस तुझ्या राजपुत्रानं तोंड लावलं नाही. तिसऱ्या दिवशी भुकेनं भांडं चाटूनपुसून खाल्लं. आठवड्यात खाज थांबली, शौच बांधून होऊ लागलं, कानातली घाण सुकली. मला एवढा आनंद झाला की मी त्याच्याशी बोलायला लागले.

आणि ३० जानेवारीला सकाळी सहा वाजता तो अंगणात ओकला, मग रक्त. मी दारातच बसले. काहीच बदललं नव्हतं. तेच मासे, तीच रताळी.

अकराच्या सुमाराला मागल्या अंगणात पावलं वाजली. बघते तर बन्सीचा करण. तेवीस वर्षांचा पोर, हातात गोणपाटात गुंडाळलेली पहार. ती त्यानं पाखऱ्याच्या डोक्यावर धरली होती. माझ्या मनात दुसरं काही आलंच नाही. हाच तो, रात्री विष घालून गेला आणि आता उरलेलं काम करायला आलाय, असं वाटलं. चुलीवर माशाच्या पाण्याचं पातेलं होतं. मी लोखंडी पळी काढली आणि मागून त्याच्या कानशिलावर हाणली. तो पडल्यावर आणखी दोनदा हाणली. उकळतं पाणी त्याच्या मानेवर सांडलं, कातडं तिथल्या तिथं पांढरं झालं. मी थांबले नसते. दाजींनी मला कंबरेला धरून उचललं.

पोर रडत होता, पण मारानं नाही. म्हणाला, ‘बापाला भाकर मोडता येत न्हाई. म्या घास भरवतो त्याला. एका कुत्र्यापायी. म्हनून मारायला आलो हुतो. पर ह्ये तर मेल्यालंच पडलंय, ह्येला काय मारू.’ त्याच्या खिशात सकाळच्या गाडीचं तिकीट होतं. तो खर्ड्याहून सात वाजता निघाला होता. पाखऱ्या सहाला ओकला होता.

चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची खोड तुझी एकट्याची नाही, हे मला त्या दिवशी कळलं. मी त्याच्या मानेला मलम लावलं आणि जेवायला बसवलं. तो जेवला नाही. आई आतून हे सगळं बघत होती.

डॉक्टरबाई म्हणतात, मोजणी पुन्हा पहिल्यापासून. ‘घरातून काहीतरी याच्या पोटात जातंय, शोधा.’ मी शोधतेय.

आक्का

—

नगर जेल,
१४ फेब्रुवारी २०२५

आक्का,

तिकीट दाखवलं आणि तू भुललीस. करण रात्रीच आला असणार, सकाळचं तिकीट कुणाचंही उचलता येतं. बापाचंच रक्त आहे. पळी कशाला हाणलीस, घरात विळा नव्हता का. पाणी सांडलं ते डोळ्यांवर सांडायचं.

१७ मार्चला जामिनाची सुनावणी आहे. वकील म्हणतो, फावड्याची गोष्ट आणि आईची साक्ष, दोन्ही जमलं तर सुटशील. जामीनदार तू. दाजींच्या शेताचा सातबारा घेऊन ये. सुटल्यावर मी तुझ्याकडे येणार नाही. आधी खर्ड्याला जाऊन बापलेकांचा हिशेब एकदाच मिटवतो, मग पाखऱ्याला न्यायला येतो. ही ओळ काळी केली तरी तू उन्हात धरून वाचशील, मला ठाऊक आहे.

तोवर त्याला वाचव. एवढं एकच मागतो.

गोरक्ष

—

घोडेगाव,
३ मार्च २०२५

गोरक्ष,

हे पत्र लिहायला मला तीन दिवस लागले. दोनदा फाडलं.

तू दिलेल्या तारखा मी दुकानातल्या कॅलेंडरवर खुणा करून बघितल्या. लक्ष्मीपूजन, म्हणजे अमावस्या. १ डिसेंबरच्या आदल्या रात्री अमावस्या. ३१ डिसेंबरच्या आदल्या दिवशी अमावस्या. इथला ३० जानेवारी, आदल्या दिवशी अमावस्या. मी म्हटलं, बन्सी काय पंचांग बघून विष घालतो?

पुढची अमावस्या २७ फेब्रुवारीला होती. मी दुकान लवकर बंद केलं आणि दिवेलागणीला मागल्या दाराआड उभी राहिले. आपली आई आली. पदराखाली भाकर, तिच्यावर कुंकू, मोहरी आणि चुलीतला कोळसा कुटून, आणि एक उकडलेलं अंडं. तिनं ते पाखऱ्यावरून सात वेळा उतरवलं, तोंडानं पुटपुटली आणि भिंतीपलीकडे रिकाम्या जागेत टाकलं. सकाळी मी पाखऱ्याला मोकळं करते ते त्याच जागेत. मी जाऊन उतारा उचलला आणि चुलीत घातला. दुसऱ्या दिवशी कुत्रं ठणठणीत होतं.

तुझी लाल-काळी पूड ती ही. उंदराचं औषध नाही, आपल्याच देव्हाऱ्यातलं कुंकू आणि आपल्याच चुलीतला कोळसा.

आईला समोर बसवलं. म्हणाली, ‘कुत्र्याला दीठ लागली हुती. बन्सी म्हनला हुता, वाघावानी कुत्रं हाय मावशी, अन् तवापासून केस गळाय लागले. ज्याची लागली त्याच्या बांधावर टाकत्यात, म्हनून तिथं टाकलं. दर अवसंला टाकलं.’ मी विचारलं, गोरक्षला का नाही सांगितलंस. तर तिनं पदर बाजूला केला आणि दंडावरचा वण दाखवला. गोठ्यात पडली नव्हती ती. दसऱ्याला तिनं पाखऱ्याला हातानं अर्धी भाकर दिली म्हणून तू कुत्र्याच्या साखळीनं तिला मारलंस. म्हणालास, पुन्हा माझ्या कुत्र्याच्या जवळ दिसलीस तर हात उपटीन. हे तू मला एकाही पत्रात लिहिलं नाहीस. सत्तर वर्षांची बाई आहे ती, गोरक्ष. मला तुझी लाज वाटते, आणि भीतीही वाटते. लहानपणी तू मला ‘आक्का, वाग येईल’ म्हणून चिकटून झोपायचास.

ती म्हणते, ३१ तारखेला तू कोयता घेऊन निघालास तेव्हा ती मागे पळत आली. ‘म्हनले की त्याला. बांधावरनं वरडले, माझं हाय ते, माझं हाय. आईकतंय कोन.’ तुझ्या कानावर गेलंच नाही, असं ती म्हणते.

उतारा सापडला म्हणून आठ आठवडे भरायची वाट न बघता डॉक्टरबाईंनी १ मार्चला पाखऱ्याला मुद्दाम चमचाभर अंडं दिलं. त्यांच्या कामात तसं करून बघतातच, म्हणजे संशय राहत नाही. संध्याकाळपर्यंत कान लाल, सकाळी शौचाला रक्ताची रेघ. कोंबडीचंही तसंच आहे म्हणाल्या, आता पुन्हा द्यायची गरज नाही. महिन्यातून एकदा कुंकू-मोहरीबरोबर एक अंडं आईनं टाकलं, आधीच सोललेल्या आतड्याला तेवढं पुरलं आणि तो ओकला. रोज तीन घालून, वर कोंबडी वाढवून, त्याला आतून कोण सोलत होतं ते तूच सांग. तू घोटलेलं औषधच विष होतं. बन्सीनं तुझ्या कुत्र्याला आयुष्यात फक्त एकदा चांगलं म्हटलं.

आता मुद्दा. तुला हे सांगितलं नाही तर तू सुटून बन्सीला मारशील. सांगितलं तर आईला. मी दोन्हीकडून विचार केला आणि सांगायचं ठरवलं, पण आधी आईला घरातून हलवलं. ती कुठे आहे ते दाजींनाही माहीत नाही. ती साक्षीला येणार नाही. जामीनदार म्हणून मी १७ तारखेला उभी राहीन की नाही, ते तुझं पुढचं पत्र वाचून ठरवीन.

सुरेखा

—

नगर जेल,
११ मार्च २०२५

आक्का,

तुझं पत्र शनिवारी मिळालं. वाचून मी पहिलं काय केलं ते सांगतो, म्हणजे आईला हलवलंस ते बरोबर केलंस हे तुला कळेल.

माझ्या शेजारी एक म्हातारा झोपायचा. साठीच्या पुढचा, शेताच्या भांडणात आलेला. त्यानं विचारलं, ‘घरचं काय लिव्हलंय?’ मी उठून त्याच्या छातीत लाथ घातली. तो पडला तरी घालत राहिलो. तो हात जोडत होता. मला त्याच्या जागी आई दिसत होती आणि तरी माझा पाय थांबत नव्हता. आई दिसत होती म्हणूनच थांबत नव्हता. चौघांनी मला ओढलं. त्याच्या तीन बरगड्या मोडल्या. मला वेगळ्या खोलीत टाकलंय, इथूनच लिहितोय.

तू लिहिलंस त्यात एक चूक आहे. आईचं माझ्या कानावर गेलं नाही, हे खरं नाही. गेलं होतं. ती बांधावरून पळत येत होती, पदर पडलेला, आणि ओरडत होती, ‘माझं हाय ते, माझं हाय.’ मला वाटलं ती बन्सीला विनवतेय. लेकरू माझं आहे, त्याला मारू नको.

बन्सीलाही तसंच वाटलं. मी कोयता घेऊन आलेला बघून त्यानं फावडं उगारलं होतं, तेवढं खरं आहे. त्यानं मारलं असतं तर माझं डोकं फुटलं असतं, तो माझ्यापेक्षा वीतभर उंच आहे. पण आईचा आवाज ऐकून त्यानं तिच्याकडे बघितलं आणि म्हणाला, ‘न्हाई मारत, मावशी.’ फावडं खाली केलं. मातीत रोवून त्याच्या दांड्यावर हात टेकवून उभा राहिला. माझ्याकडे बघतसुद्धा नव्हता.

मी मारलं ते त्यानंतर.

हे मी पोलिसांना सांगितलं नाही, वकिलाला नाही, तुला नाही. रात्री स्वतःशी बोलतानासुद्धा मी फावडं वरच ठेवायचो. हे साहेब वाचतील, वाचू दे, काळं करण्यासारखं काही नाही.

काल वकिलाला बोलावून सगळं जसं झालं तसं सांगितलं. तो म्हणाला, ‘अहो, हे बोललात तर जामीन विसरा, शिक्षाही वाढेल.’ मी म्हटलं, अर्ज मागे घ्या. त्यानं दोनदा विचारलं, मी दोनदा तेच सांगितलं. तू १७ तारखेला येऊ नकोस, दाजींचा सातबाराही काढू नकोस. बन्सीसाठी मला वाईट वाटतंय असं लिहिणार होतो, पण लिहिलं की ते खोटं वाटतंय. मला स्वतःची भीती वाटतेय, तेवढं नक्की खरं आहे.

पाखऱ्याला तुझ्याकडेच राहू दे. त्याला काय मानवतं ते तुला कळलंय, मला कधी कळलं नाही.

आईला घरी आण. मी एवढ्यात येत नाही.

गोरक्ष